साखर, पीठ आणि चिंचोके

होळीच्या आधी आठ-पंधरा दिवस मराठवाड्यातल्या आठवडी बाजारांत साखरेच्या गाठी टांगलेल्या दिसू लागतात. पांढऱ्या, क्वचित गुलाबी किंवा पिवळ्या पदकांची ही माळ होळीला लहान मुलांच्या गळ्यात पडते आणि पाडव्याला गुढीवर चढते. मामा, आत्या, आजी यांच्याकडून मुलांना गाठीबरोबर हातात घालायचे कडेही येते, तेही साखरेचेच. मूल सकाळी दागिना मिरवते, दुपारी त्याला चाटून पाहते आणि संध्याकाळपर्यंत दोऱ्यावर दोन-तीन पदके उरलेली असतात.

धाराशिव, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सणावारी मुलांना मिळणाऱ्या अशा घरगुती वस्तू वर्षभर निघतात: गाठी, कणकेचे बैल, कडाकण्या, हलव्याचे दागिने, चिंचोक्यांचा खेळ. जिल्हा अवर्षणप्रवण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवरच्या या भागात पाऊस कमी आणि बेभरवशाचा. सणाला विकतचे खेळणे आणणे सगळ्यांना परवडत आले असे नाही, पण साखर, पीठ, तीळ, हळद या वस्तू सणासाठी घरात आलेल्याच असतात. राज्य सरकारने २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ या नावाने शंभर रुपयांत रवा, साखर आणि हरभरा डाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल दिले होते. त्या एका पिशवीतून पुढे सांगितलेल्या कितीतरी वस्तू होतात. खर्च होतो तो वेळेचा. आणि आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे हवा. गाठी फाल्गुनात, हलवा पौषात आणि उकडलेले बैल श्रावणात होतात, ही वाटणी नुसत्या रिवाजाची नाही. हवेत ओल किती, यावर साखर आणि पीठ कसे वागेल ते ठरते, आणि जुन्या सणांच्या वाटणीत ते बरोबर बसले आहे.

गाठीपासूनच सुरुवात केली, तर तिचे साहित्य साखर आणि पाणी एवढेच आहे. व्यवसाय म्हणून गाठी करणारे लाकडी साच्यात दोरा अंथरून त्यावर गरम पाक ओततात आणि दहा-पंधरा मिनिटांत घट्ट झालेली माळ उचलून घेतात. घरी साचा नसतो. त्याचे काम आप्पेपात्र उत्तम करते. पात्राला तूप लावायचे, जाड सुती दोरा ओला करून कडेच्या खळग्यांतून गोल फिरवायचा, प्रत्येक खळग्यात तो तळाशी टेकेल एवढा सैल सोडायचा आणि दोन्ही टोके बांधण्यापुरती बाहेर ठेवायची. सात खळग्यांच्या पात्रात मधला खळगा दोऱ्याविना राहतो. त्यातली वडी करणाऱ्याच्या वाट्याची. आप्पेपात्र नसेल तर स्टीलच्या लहान वाट्या ताटात ओळीने मांडल्या तरी चालते. कड्यासाठी ताटलीत तूप लावलेली वाटी पालथी घालून तिच्याभोवती पाक सोडतात.

दोन वाट्या साखरेला अर्धी वाटी पाणी पुरते. पाक उकळू लागला की त्यात चमचाभर दूध घालतात. दुधातली प्रथिने उष्णतेने साखळतात आणि साखरेतला मळ धरून वर येतात. ती मळी झाऱ्याने काढली की पाक स्वच्छ होतो. मग पाक गोळीबंद होईपर्यंत आटवायचा. थेंब गार पाण्यात टाकला तर बोटांत धरता येईल अशी घट्ट गोळी झाली पाहिजे. त्या वेळी पाकाचे तापमान साधारण १२० अंश सेल्सिअस असते. गॅस बंद करून पाक पळीने घोटला की मिनिटा-दोन मिनिटांत त्याचा पारदर्शकपणा जातो, तो दुधाळ दिसू लागतो. हाच ओतायचा क्षण. आधी ओतला तर वड्या चिकट, काचेसारख्या राहतात. उशीर झाला तर पाक पातेल्यातच बसतो. बसला म्हणून टाकून द्यायचे कारण नाही. दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा तापवला की साखर सगळे विसरून पहिल्यापासून सुरुवात करते.

घोटण्याने होते काय, हे समजून घेतले तर चुका टळतात. आटलेल्या पाकात पाण्याच्या मानाने साखर फार जास्त असते. ती स्फटिक होऊन बाहेर पडायला टपलेलीच असते. घोटल्याने एकाच वेळी असंख्य बारीक स्फटिक तयार होतात, म्हणून गाठ पांढरी, भुसभुशीत आणि दाताखाली चटकन फुटणारी होते. लिंबाचा रस नेमका याच्या उलट काम करतो. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभागला जातो आणि या दोन्ही शर्करा स्फटिक होण्यात अडथळा आणतात. जिलेबीच्या पाकात लिंबू हवे असते ते त्यासाठी. गाठीच्या पाकात ते जास्त पडले, तर माळ दुसऱ्या दिवशीही चिकटच राहते. बाजारात शुभ्रपणासाठी रासायनिक भुकटी वापरली जाते. घरच्या गाठीला ती नको. घरची गाठ थोडी पिवळसर दिसते, दिसू द्यावी. रंग हवाच असेल तर गुलाबीसाठी बिटाच्या रसाचे दोन थेंब आणि पिवळ्यासाठी केशर किंवा चिमटीच्या टोकावर मावेल एवढी हळद पुरते.

फाल्गुन-चैत्रात जिल्ह्यातली हवा कोरडी आणि तापलेली असते, म्हणून गाठ लवकर सुकते आणि पाडव्यापर्यंत टिकते. हीच माळ आषाढात केली तर दोन दिवसांत ओघळू लागते. साखरेच्या दागिन्यांचा कोणताही सण पावसाळ्यात पडत नाही, तो का, हे यावरून कळते. हे काम मुलांसमोर करावे, मुलांकडून करून घेऊ नये. गोळीबंद पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो, त्यामुळे त्याचा चटका खोल जातो. मुलांनी दोरा ओला करावा, पात्राला तूप लावावे आणि शेवटी माळ सोडवावी.

पावसाळ्यात पाळी येते पिठाची. श्रावण अमावस्येला मराठवाड्यात पोळा असतो. तिचेच दुसरे नाव पिठोरी अमावस्या, आणि त्या नावातच पीठ आहे. या दिवशी पिठाच्या मूर्ती करून पुजण्याची चाल होती. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत या दिवशी आई पूजा करून वाण डोक्यावरून किंवा खांद्यावरून मागे धरते आणि ‘अतीत कोण?’ असे विचारते. मागे उभे असलेले मूल आपले नाव सांगते आणि वाण घेते. आईने स्वयंपाकघरात केलेली वस्तू मुलाला नाव घेऊन, समारंभाने देण्याचा इतका सरळ विधी दुसऱ्या कुठल्या सणात सापडत नाही.

पोळ्याला गोठ्यातले बैल सजतात आणि घरात मातीचे बैल पुजले जातात. मुले शेतातल्या काळ्या मातीचे बैल करतात आणि ते वाळताना तडकतात. हा दोष हाताचा नसून मातीचा आहे: काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना फार आकसते, म्हणून बैलाचा पाय पोटापासून सुटतो. कुंभार यासाठी गाळाची माती निवडून, मळून, मुरवून घेतो. संत गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यात आहे. प्राचीन काळी तगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या व्यापारी नगरात सातवाहनकाळातल्या भाजलेल्या मातीच्या आणि केओलिनच्या लहान मूर्ती सापडल्या आहेत. त्यांतल्या अनेक दोन भागांच्या साच्यात घडवलेल्या आहेत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात. चिमूटभर ओल्या पदार्थाला आकार देण्याची या भागातली सवय दोन हजार वर्षांची आहे, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

तडकण्याची ही कटकट कणकेच्या बैलाला नाही. गव्हाच्या पिठातले ग्लुटेन भिजल्यावर ताणदार जाळे धरते आणि पाय धडाला चिकटून राहतात. दोन वाट्या कणकेला अर्धी वाटी गूळ पाण्यात विरघळवून, गाळून घालावा, चमचाभर तूप घालून पुरीपेक्षा घट्ट गोळा मळावा आणि अर्धा तास झाकून ठेवावा. बैलाचे पाय आखूड आणि जाड ठेवायचे, मान फार उंच करायची नाही. वशिंड चिमटीने ओढून काढता येते. डोळ्यांना काळे तीळ, शिंगांना लवंगा. चाळणीला तूप लावून दहा-बारा मिनिटे वाफवले की बैल तयार, आणि पूजा झाली की तो खाता येतो. लवंगा मात्र आधी काढाव्यात. पुरणपोळीच्या दिवशी कणीक मळलेली असतेच, त्यामुळे वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

टिकाऊ खेळणे हवे असेल तर मिठाचे पीठ करतात. दोन वाट्या मैदा किंवा कणीक, एक वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते एक वाटी पाणी, एवढेच त्याचे प्रमाण. मीठ पिठातली ओल धरून ठेवते, बुरशीला आणि जंतूंना ती मिळत नाही, म्हणून वस्तू सडत नाही. एवढ्या मिठाचे पीठ खाण्याजोगे नसते. तोंडात सगळे घालणाऱ्या वयाच्या मुलाला ते देऊ नये. आणि हे काम श्रावणात काढू नये. मीठ हवेतली ओल ओढते आणि पोळ्याला केलेला बैल नवरात्रापर्यंत बसका होतो. दिवाळीनंतरच्या उन्हात बोटाएवढ्या जाडीची वस्तू उलटसुलट करत तीन-चार दिवसांत कडक वाळते. तिच्यावर फेव्हिकॉलचा पातळ हात दिला की पुढच्या पावसाळ्याची भीती कमी होते. मऊच राहणारे पीठ हवे असल्यास वाटीभर मैदा, अर्धी वाटी मीठ, वाटीभर पाणी, चमचाभर तेल आणि लिंबाचा थोडा रस मंद आचेवर गोळा होईपर्यंत ढवळावा. घट्ट झाकणाच्या डब्यात तो काही आठवडे मुलांच्या हाताखाली टिकतो आणि दुकानातल्या रंगीत मातीची उणीव भासू देत नाही.

नवरात्रात तुळजापूरला तुळजाभवानीच्या दर्शनाची गर्दी असते आणि घरोघर घट बसलेले असतात. घटावर टांगायच्या फुलोऱ्यात कडाकण्या असतात. रवा-मैदा किंवा कणीक गुळाच्या अथवा साखरेच्या पाण्यात घट्ट भिजवायची, पातळ लाटायची, फुगू नये म्हणून टोचे मारायचे आणि मंद आचेवर कडक तळायची. देवीसाठी त्याच पिठाची वेणी, फणी असे शृंगाराचे आकारही होतात. फुलोरा उतरला की कडाकण्या मुलांच्या. वाटीने आणि कातण्याने हवा तो आकार कापता येतो, त्यामुळे देवीच्या फणीशेजारी मुलाने सांगितलेला मासा किंवा ट्रॅक्टर तळून काढायला कुणाची हरकत नसावी. पाणी पूर्ण उडालेले असल्यामुळे कडाकणी पंधरा दिवस तरी कुरकुरीत राहते.

दिवाळीच्या किल्ल्याला स्वयंपाकघरातून एकच गोष्ट लागते, पण ती मोठी करामत करते. किल्ल्याच्या उतारावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. मोहरीही उगवते; फक्त ती उतारावरून घरंगळते. अळिवाचे बी भिजले की त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण धरते आणि ते मातीला चिकटून बसते. वसुबारसेच्या दोन दिवस आधी पेरून सकाळ-संध्याकाळ हाताने पाणी शिंपडावे, ओतू नये. किल्ल्याची हौस पुण्या-साताऱ्याकडे जास्त, हे खरे. तरी नळदुर्ग आणि परांडा हे दोन देखणे भुईकोट ज्या जिल्ह्यात आहेत, तिथल्या मुलांना नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. नळदुर्गाचा बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला पाणीमहाल स्टीलच्या वाटीत आणि कणकेच्या भिंतीतही बऱ्यापैकी साधतो.

मार्गशीर्ष अमावस्येची येळवस हा धाराशिव, लातूर आणि सोलापूरच्या सीमाभागाचा खास सण. कर्नाटकातही तो आहे. भज्जी, उंडे, आंबील, खीर बांधून सगळे घर शेतात जाते. मुलांची भेट त्या दिवशी चुलीवरून न येता ज्वारीच्या धाटातून येते. धाटाची साल सोलून आतल्या मऊ गराचे तुकडे आणि सालीच्या कामट्या एकमेकांत खोचत बैलगाडी तयार होते. डिंक नाही, खिळा नाही. आजोबांपैकी ज्यांना ती येते त्यांच्याकडून शिकून घ्यावी, कारण कडबा आता यंत्राने कापला जातो आणि गाडी जोडणारे हात कमी होत आहेत.

संक्रांतीचा हलवा मात्र या सगळ्यांत सर्वांत कमी पैशाचा आणि सर्वांत जास्त कष्टाचा. संक्रांत ते रथसप्तमी या काळात लहान मुलांचे बोरनहाण होते. काळे कपडे घातलेल्या मुलाला हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कडी घालतात, हाती बासरी देतात आणि डोक्यावरून बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे ओततात. जमलेली मुले ते लुटतात. या दागिन्यांचे मणी म्हणजे तीळ, खसखस, साबुदाणा किंवा मगजबी यांवर चढवलेला साखरेचा काटा.

काटा चढवण्याची रीत अशी. दोन वाट्या साखर आणि वाटीभर पाण्याचा एकतारी पाक करून, मळी काढून बाजूला ठेवतात. जाड बुडाच्या कढईत किंवा परातीत पाव वाटी तीळ मंद आचेवर कोमट करतात. पूर्वी यासाठी कोळशाची शेगडी असे, आता गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवली की तशीच हलकी धग मिळते. तिळावर चमचाभर पाक घालायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. पाक सुकला की दुसरा चमचा. पहिले तासभर काहीच घडत नाही, दाणे नुसते पांढरे होतात. नंतर एकेका दाण्यावर बारीक टोके दिसू लागतात. पाक सुकताना साखर आधीच्या स्फटिकांवर बसते आणि बाहेर आलेल्या टोकावर ती आधी व जास्त बसते. म्हणून टोक आणखी टोकदार होत जाते. धग वाढली की टोके विरघळतात आणि हलवा पिवळा, गुळगुळीत होतो. हात जोरात फिरला तर काटा मोडतो. दोन-तीन दिवस, रोज तीन-चार तास एवढा धीर असेल तर मोत्यासारखा दाणा होतो. पौषातली थंड, कोरडी हवा या कामाला फार मानवते, आणि आभाळ आले की जुन्या बायका परात उचलून ठेवत. प्रथमच करणाऱ्याने तिळाऐवजी साबुदाणा किंवा मगजबी घ्यावी. दाणा मुळात मोठा असल्याने लवकर हाती लागतो.

हलव्याचा दाणा ओवत नाहीत, तो फुटतो. पातळ पुठ्ठ्याचा आकार कापून त्यावर कापड चिकटवतात आणि दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा बांधत नेतात. एवढा वेळ नसेल त्यांनी संकोच करू नये. बारीक सुईने ओवलेल्या चुरमुऱ्यांचा हार आणि मधे पदक म्हणून तिळाची गोल वडी, हा दागिनाही मुलाला तितकाच शोभतो आणि तासाभरात होतो. एक खबरदारी मात्र प्रत्येक बोरनहाणात घ्यावी. बोराची आठळी, फुटाणा, शेंगदाणा आणि हलव्याचा मोठा दाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या लुटीत चुरमुरे ठेवावेत, बाकीचे मोठ्यांनी उचलून नंतर नीट करून द्यावे, आणि फोटो झाले की गळ्यातला दोरा काढून घ्यावा.

वर्ष फिरून होळीला आले की रंगही घरात होतो. एक भाग हळद आणि दोन भाग बेसन मिसळले की पिवळा कोरडा रंग तयार. किसलेल्या बिटाचा रस तांदळाच्या पिठीत चोळून सावलीत वाळवला आणि पुन्हा दळला की गुलाबी. हिरव्यासाठी पालक वाळवून त्याची पूड करतात. तिला वास येतो, हे मान्य. हळदीला चुना लागला की ती लाल होते आणि कुंकू करण्याची जुनी रीत त्यावरच उभी आहे, पण चुना डोळ्यांना घातक असल्याने मुलांच्या रंगात तो घालू नये. हळदीचा रंग कपड्यावर पडलाच तर साबण लावताच तोही लाल होतो. धुताना तो लाल रंग निघून जातो, मागे पिवळा डाग राहतो आणि उन्हात फिका पडतो.

याच दिवसांत चिंचा फोडायचे काम निघते. वर्षाची चिंच साफ करताना टोपलीभर चिंचोके निघतात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीची भेट त्यात असते. मोठे, चपटे दोन चिंचोके निवडून दगडावर पाणी टाकून उभे घासले किंवा हलकेच फोडले की दोन दोन फाका मिळतात: एक बाजू तपकिरी, दुसरी पांढरी. या चार फाका म्हणजे फासे. फरशीवर खडूने पाच बाय पाच घरांचा पट आखायचा, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि पटाच्या मध्यात फुली मारायची. चारही फाका पांढऱ्या पडल्या तर चार, चारही तपकिरी पडल्या तर आठ, एरवी जितक्या पांढऱ्या तितकी घरे. हा चल्लस-आठ. सोंगट्या म्हणून डाळ, शेंगदाणा, मिरी, लवंग, प्रत्येक खेळाडूची वेगळी. बाकीचे चिंचोके भाजून, साल काढून खायला ठेवावेत. दात चांगले असलेल्यांनाच ते फुटतात.